हात शिकवतो आम्ही, तोंड कोण शिकवणार? (पहिल्या वर्षाची मुलं आणि विद्यार्थी संघटना)

जीरावन (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरच्या एका खासगी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात फूड प्रॉडक्शन शिकवते. अकरा वर्षं झाली. घरी मराठी, वर्गात हिंदी, प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच. मुलं धार, खरगोन, देवास, झाबुआकडची, थोडी इंदूरचीच. बऱ्याच घरांतून कॉलेजात आलेलं हे पहिलंच पोर असतं.

पुढच्या बुधवारी पहिल्या वर्षाच्या ३८ मुलांपुढे मला पंचेचाळीस मिनिटं मिळाली आहेत. विषय: विद्यार्थी संघटनेत का यावं. आमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट आहे आणि एक पाककला मंडळ आहे, जे सध्या फक्त नोटीस बोर्डावर आहे. ते मंडळ मला खरोखर उभं करायचंय.

गेल्या वर्षी मी बावीस स्लाइड दाखवल्या. संघभावना, नेतृत्वगुण, व्यक्तिमत्त्व विकास. ४१ मुलांतून तीन नावं आली, त्यातलं एक हजेरी माफ होईल या आशेनं. झाबुआचा एक मुलगा शेवटी उभा राहिला आणि अगदी मनापासून विचारलं, “मॅडम, वो सब ठीक है, पर चाकू कब मिलेगा?” त्याची काय चूक? तो स्वयंपाक शिकायला आलाय, मीटिंगा करायला नाही.

तरी मी हा विषय सोडायला तयार नाही, आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी होता. त्याचं गाजराचं ब्रुन्वाज (म्हणजे बारीक चौकोनी चिरणं) पट्टी लावून मोजावं, एकेक तुकडा सारखा. तो ट्रेनिंगला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात गेला. एका रविवारी सकाळी सहा वाजता तो भाजी काढायला वॉक-इनमध्ये, म्हणजे आत चालत जाता येईल एवढ्या मोठ्या फ्रिजमध्ये, गेला आणि बाहेरच्या तापमानाच्या पट्टीवर त्याला ११ अंश दिसले. त्यानं पाहिलं, क्रेट उचलला, दार लावलं आणि बीन्स निवडायला बसला. दुपारपर्यंत आतलं चिकन, क्रीम, स्टॉक सगळं टाकून द्यावं लागलं. सकाळी आत कोण गेलं होतं याची चौकशी झाली, तेव्हा रजिस्टरवर सही त्याची होती. ट्रेनिंग अर्धवट टाकून तो परत आला. मी विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस? म्हणाला, “मैं कौन होता हूँ मॅडम, बोलने वाला? ट्रेनी तो था.”

थंड पदार्थ ५ अंशांखाली आणि गरम ६० अंशांवर, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. आकडा त्याला येत होता. उठून चार पावलं चालत जाऊन ‘शेफ, फ्रिज गरम झालाय’ एवढं सांगणं येत नव्हतं. ते मी कधी शिकवलंच नव्हतं. हात शिकवतो आम्ही, तोंड कोण शिकवणार? माझ्या मते ते मंडळात शिकता येतं. चार समवयस्कांसमोर मत मांडायचं, हिशेब द्यायचा, कोणी विरोध केला तर ऐकून घ्यायचं. हे सगळं तिथे चुकत चुकत करता येतं, नोकरी जात नाही.

अडचण अशी की ‘स्टुडंट लीडर’ म्हटलं की इथल्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर घेराव आणि घोषणा येतात. मुलांनाही ती नेतागिरीच वाटते. आणि हीच मुलं अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी (चित्ररथासाठी) रात्र रात्र जागतात, वर्गणी गोळा करतात, पैशाचा हिशेब चोख ठेवतात. म्हणजे येत नाही असं नाही. आपल्या किचनशी त्याचा संबंध आहे हे कोणी दाखवलेलं नाही.

कोणी असं काही केलंय का? त्या पंचेचाळीस मिनिटांत नेमकं काय करू?

तपेली (ओहायो)

जीरावनताई, मी मूळची इंदूरच्या रामबागची, आता ओहायोत एका हायस्कूलमध्ये पाककला शिकवते. आमच्याकडे अशा संघटना शिक्षणाचाच भाग असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलं एफसीसीएलएची सभासद आहेत, म्हणजे फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका. ही १९४५ साली ‘फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका’ या नावानं सुरू झाली, १९९९ मध्ये नाव बदललं. आपल्याकडे ज्याला गृहविज्ञान म्हणायचे त्या विषयाची ही मुलांची संघटना. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळी मुलंच. मी फक्त सल्लागार. दुसरी एक स्किल्सयूएसए आहे, १९६५ पासूनची, तिच्यात वेल्डिंगपासून स्वयंपाकापर्यंत सगळे कारागिरीचे विषय येतात. दोन्हींत स्वयंपाकाच्या स्पर्धा असतात आणि मुलं पदकांसाठी जीव टाकतात. पण पदकं दाखवून सभासद करू नका. पदक मिळतं चौघांना, बाकीचे दुसऱ्या महिन्यात गळतात. मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि माझी शाखा आठ मुलांवर आली.

आता मी पहिले दोन आठवडे संघटनेचं नावच काढत नाही. मेनू ठरवायचा असला की सभेच्या पद्धतीनं ठरवतो. एकानं प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, चर्चा, मग मतदान. सुरुवातीला मुलांना हे नाटकी वाटतं. पण एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सप्टेंबर संपत आला तरी तिचा आवाज मी ऐकला नव्हता. टोमॅटो सूप की बटाट्याचं यावर चर्चा चालली होती. कोणीतरी बटाट्याचा प्रस्ताव मांडला आणि वर्ग गप्प. मागच्या टेबलावरून हळूच आलं, “मी अनुमोदन देते.” तीन शब्द. तिला स्वतःचं वाक्य शोधावं लागलं नाही, वाक्य तयार होतं, तिनं फक्त उचललं. लाजऱ्या मुलांना मोकळं सोडून ‘बोल’ म्हटलं की ती आणखी मिटतात. ठरलेली वाक्यं दिली की बोलतात. पुढच्या वर्षी ती सचिव झाली.

आणखी एक उपयोगाचं. एफसीसीएलएत प्रत्येक प्रकल्प पाच पायऱ्यांनी करतात: काय खुपतंय ते शोधा, काय साधायचं ते ठरवा, आखणी करा, काम करा, मागे वळून तपासा. तुम्ही म्हणाल यात काय विशेष. पहिली पायरी विशेष आहे. काय खुपतंय हे मुलांनी सांगायचं, शिक्षकांनी नाही. माझ्या मुलांनी सांगितलं की शुक्रवारी दुपारी काही मुलं कॅफेटेरियातली फळं दप्तरात भरतात, कारण शनिवार-रविवारी घरी पुरेसं नसतं. मी त्या शाळेत सहा वर्षं होते. मला दिसलं नव्हतं.

तुमचा तो वॉक-इनवाला मुलगा, त्याला हीच पहिली पायरी कोणी करू दिली नव्हती.

जुना_झारा (बडोदा)

ताई, मी चौतीस वर्षं हॉटेलांच्या किचनांत काढली, आता बडोद्यात निवृत्त आहे. तुमच्या विद्यार्थ्याची हकिगत वाचून फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची अर्धीच होती. ज्या किचनात ट्रेनीला बोलायची भीती वाटते त्या किचनाचा शेफ कच्चा. हे मुलांना स्पष्ट सांगा. नाहीतर आपण त्यांना बोलायला शिकवू आणि पहिल्याच नोकरीत कोणी ओरडलं की ती म्हणतील, मॅडमनं शिकवलेलं खोटं होतं.

आपल्या धंद्यात सगळे एस्कॉफिए या फ्रेंच शेफचं नाव घेतात. त्यानं किचनचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाला एक प्रमुख दिला. सैन्यात स्वयंपाकी होता, तिथली शिस्त घेऊन आला. उतरंड ठीकच आहे, तिच्याशिवाय तीनशे पानं वेळेवर लागत नाहीत. पण उतरंडीत हुकूम वरून खाली येतो तशी खबर खालून वर जायला पाहिजे. फ्रिज गरम झालाय हे कोमीला, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वयंपाक्याला, कळतं, एक्झिक्युटिव्ह शेफला नाही.

माझ्या ब्रीफिंगमध्ये एक नियम होता. सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं. भांडी घासणारा मुलगा, मग कोमी, मग वरचे, मी सगळ्यांत शेवटी. कारण मी एकदा म्हणालो की आज रस्सा उत्तम झालाय, तर कोण म्हणेल खारट आहे? हा नियम तुमच्या मंडळाच्या सभेला लावा. पैसा लागत नाही.

आता एक कडू गोष्ट. एका संस्थेत मी पाहुणा म्हणून शिकवायला जायचो. तिथे असाच क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर संस्थाचालकांच्या घरचं कार्य असलं की मुलांना ॲप्रन घालून वाढायला उभं करायचं, नाव द्यायचं ‘अनुभव’. वर्षभरात मुलांची एकही सभा झाली नाही. तुमच्या मंडळात पहिला ठराव हा करून घ्या, की मंडळाचं काम मंडळ ठरवेल, आणि फुकट वाढपी म्हणून कोणाला पाठवलं जाणार नाही. प्राचार्यांची सही घ्या त्यावर.

आणि बडोद्याचा म्हणून सांगतो. माझी बायको इथल्या विद्यापीठात होम सायन्सला होती, आता त्याला फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस म्हणतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, १९४९ मध्ये. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ लिहिलेलं होतं. त्यांनी आक्षेप घेतला आणि ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं, १९४८ चा जाहीरनामा तसाच आहे. एका खोलीत बसून एक शब्द बदलून घेतला. बायको हे तिच्या विद्यार्थिनींना दरवर्षी सांगायची. तुम्हीही सांगा, स्लाइड न लावता.

जीरावन (इंदूर)

काका, फुकट वाढपीचा मुद्दा अगदी वर्मावर बसला. आमच्याकडेही तसं झालंय, आणि मी तेव्हा गप्प बसले होते. तो ठराव मी लिहून घेतलाय.

तपेलीताई, ‘मी अनुमोदन देते’ हे तीनदा वाचलं.

कोमी_तीन (सध्या जहाजावर)

मी मराठी घरचीच, पण इंदूरबाहेर शिकले, या मॅडमची विद्यार्थिनी नाही. विद्यार्थ्याच्या बाजूनं लिहिते.

मी राष्ट्रीय सेवा योजनेत गेले ती प्रमाणपत्रासाठी, खोटं कशाला बोलू. वर्षाला १२० तास भरायचे असतात, ते भरत होते. बदल झाला तो सात दिवसांच्या शिबिरात. महेश्वरजवळचं एक गाव, पन्नास जण, आणि हॉटेल मॅनेजमेंटची मी एकटीच, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. कॉलेजच्या किचनमध्ये इंडेंट (सामानाची मागणी) भरला की सामान येतं. इथे इंडेंट कोणाला देणार? माणशी ७० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ धरून पाच किलोची खिचडी लावली आणि रात्री शेवटच्या सहा जणांना पुरली नाही. दिवसभर खड्डे खणणारी मुलं वर्गात चाखणाऱ्यांसारखं जेवत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सात किलो.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला, संध्याकाळी पाच वाजता. मी आधी रडले. मग सरपंचांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला म्हटलं, काकी, चूल आणि लाकडं हवीत, आणि ओली लाकडं कशी पेटवतात ते दाखवा. त्यांनी दोन सुनांना बरोबर पाठवलं. साडेआठला जेवण निघालं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी किचन चालवू शकते.

जहाजाच्या मुलाखतीत मला मदर सॉस (ज्यांपासून बाकीचे सॉस करतात ते मूळ सॉस) विचारले, ते सगळ्यांना विचारतात. पण बोलणं रंगलं ते या सिलिंडरवर.

मॅडम, मुलांना ‘का यावं’ सांगू नका. आपण सांगितलेलं त्यांना उपदेशच वाटणार. एखादं काम द्या जे एकट्याला होणार नाही.

जीरावन (इंदूर)

बुधवार झाला. सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते, जरा सविस्तर.

वर्गाऐवजी तास ट्रेनिंग किचनमध्ये घेतला. स्लाइड नाहीत. फळ्यावर एवढंच लिहिलं: चाळीस जणांचे पोहे, पंचवीस मिनिटं. सामान टेबलावर, चाकू टेबलावर. झाबुआच्या त्या मुलाची आठवण होती मनात, तो आता दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला मदतीला बोलावलं होतं. कोणाला काही काम वाटून दिलं नाही.

इंदुरात पोहे न खाल्लेलं मूल नाही, आमच्याकडे त्यांना वाफ देतात, वरून बडीशेप, शेव, जीरावन मसाला. तरी काय झालं पाहा. सहा जण कांद्यावर तुटून पडले. मिरचीला कोणीच नाही. एका मुलीनं पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवले. दोन मिनिटांनी दुसऱ्याला वाटलं धुवायचे राहिलेत, त्यानं परत धुतले. तिसऱ्यानं ‘सुकलेत’ म्हणून वरून पाणी शिंपडलं. ती मुलगी शेजारीच उभी होती. तिला दिसत होतं. ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मला तो वॉक-इनचा फ्रिज दिसत होता.

एका परातीचा लगदा झाला. मी गॅस बंद करायला लावला आणि सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. काकांचा नियम: सगळ्यांत धाकट्यानं आधी. जन्मतारखा विचारल्या, तर धाकटी निघाली नेमकी तीच मुलगी, धारची, सतरा पूर्ण. ती बराच वेळ खाली बघत राहिली. मी मध्ये पडले नाही, दुसऱ्या वर्षाचा तो मुलगा पडायला निघाला होता, त्याला हातानं थांबवलं. मग ती म्हणाली, “पोहे मैंने धो दिए थे. बोलना चाहिए था.” आणि लगेच एक मुलगा म्हणाला, “मैंने पूछा ही नहीं.” त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. कांद्याचे सहा जण स्वतःच म्हणाले की आम्ही फार होतो. कोणीतरी म्हणालं, एक जण फक्त बघायला पाहिजे होता, हात न लावता.

मग मी तपेलीताईंचं दिलेलं हत्यार काढलं. म्हटलं, दुसरी परात करायचीय, बघणारा कोण ते ठरवा. प्रस्ताव, अनुमोदन, मत. धारच्या मुलीचं नाव आलं. तिनं नको म्हटलं, तेही मी मान्य केलं. निवडून आला देवासचा एक मुलगा, आणि त्यानं पहिलं काम काय केलं तर तिला पोह्यांवर ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, पोहे धुतले की ही ओरडून सांगेल. ती ओरडली. खरोखर ओरडली. दुसरी परात सोळा मिनिटांत निघाली, दाणा दाणा मोकळा.

खाता खाता शेवटच्या पाच मिनिटांत मी मंडळाचं सांगितलं. हेच, फक्त वर्षभर. काकांचा ठराव वाचून दाखवला, प्राचार्यांनी सही केली आहे (दोन दिवस लागले, पण केली). हंसा मेहतांची गोष्ट सांगितली. एकवीस नावं आली. धारच्या मुलीचं नाही. मी विचारलंही नाही.

गुरुवारी एका वडिलांचा देवासहून फोन आला, “मॅडम, लडके को राजनीति में मत डालना.” अर्धा तास बोलले. मी त्यांना विचारलं, तुमच्या कॉलनीत गणपती बसतो का? वर्गणीचा हिशेब कोण ठेवतं? म्हणाले, मीच. म्हटलं, मग हेच शिकवतेय तुमच्या मुलाला. हसले, पण पूर्ण पटलं असं वाटलं नाही. त्यांना शनिवारच्या सभेला बोलावलं.

शनिवारी पहिली सभा झाली. ‘काय खुपतंय’ हा एकच विषय. मला वाटलं होतं हॉस्टेलचं पाणी किंवा युनिफॉर्म निघेल. निघालं कॅन्टीनचं तळणाचं तेल. रोज समोसे त्याच तेलात, काळं पडेपर्यंत. अन्नसुरक्षेच्या नियमात तळणाच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंडची (तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के आहे, जुलै २०१८ पासून लागू. हे आम्ही शिकवतो, आणि त्याच इमारतीत खाली हे चाललेलं. सभेत दोन तट पडले. एक म्हणे सरळ तक्रार करा. दुसरा म्हणे कॅन्टीनवाले भैया आपल्याला उधारी देतात, आधी त्यांच्याशी बोला, आणि बोलायच्या आधी तेल मोजा, नुसतं काळं दिसतं म्हणून आरोप नको. दुसरा प्रस्ताव चौदा विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. अनुमोदन दारातून आलं. धारची ती मुलगी आत आली नव्हती, चौकटीला टेकून उभी होती.

तर आता मदत हवी आहे. तेल तपासायचं हातात धरायचं मीटर किंवा कागदी पट्ट्या इंदुरात कुठे मिळतील? मंडळाच्या डब्यात सध्या २,३४० रुपये आहेत, त्यामुळे मीटर बहुतेक परवडणार नाही. कोणाकडे वापरलेलं असेल आणि आठवडाभरासाठी देता येत असेल तर खजिनदार स्वतः न्यायला येईल. देवासचाच मुलगा आहे.